चार शनिवारांचा फुटबॉल

ईट गावातल्या आमच्या घरामागं खव्याची भट्टी होती, त्यामुळं माझं सगळं लहानपण धुराच्या आणि आटत्या दुधाच्या वासात गेलं. सकाळी सातपासून गल्लीतली, वस्तीवरची माणसं कॅन, बादल्या, चरव्या घेऊन यायची. तात्या, म्हणजे माझे वडील, दूध मापून घ्यायचे, गाळायचे आणि कढईत ओतायचे. मग दुपारपर्यंत लोखंडी उलथनं कढईच्या बुडाला खरवडत गोल फिरायचं, तेवढाच आवाज घरात असायचा. तो थांबला की आई चुलीपुढून उठून मागं बघायला जायची, कारण आटत आलेलं दूध घडीभर जरी सोडलं तरी बुडाला धरतं आणि सगळी घाण, म्हणजे कढईभर खवा, जळकी लागते. तात्या कढई सोडून उठत नसत. गल्लीत मयत झाली तरी आधी कढई उतरवायची, मग पंचा खांद्यावर टाकून निघायचं. बोलणंही तसंच, कामापुरतं. आई म्हणायची, ‘तुज्या बापाची जीभ धगीनं वाळलीय.’

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ बाळू, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. त्याला भट्टीची धग कधी मानवली नाही. बार्शीला एका दुकानात राहून तो रेडिओ-टेपची कामं शिकला आणि परत येऊन स्टँडजवळ टपरी टाकली. भूकंप झाला त्या वर्षी त्यानं कुठून तरी एक भलीमोठी डिश आणली, आमच्या नव्या स्लॅबवर बसवली आणि तिथून वायरी ओढून तीस-चाळीस घरांना टीव्हीचे चॅनल दिले. लिंबाच्या फांद्यांवरून, पत्र्यांवरून, देवळाच्या भिंतीवरून त्याच्या काळ्या वायरी गेल्या होत्या. भूकंपानंतर माणसं कितीतरी महिने घरात झोपायला धजत नव्हती, तेव्हा टीव्हीसुद्धा अंगणात आले आणि दादाला रोज कुणी ना कुणी वायर लांबवायला बोलवायचं. तात्यांना ह्या धंद्याचं कौतुक नव्हतं. ते डिशला ताट म्हणायचे. ‘एवढं मोठं ताट, आन् त्यात घास कुणाला बी न्हाय.’ दादा हसायचा आणि शिडीवर चढायचा.

पुढच्या वर्षीच्या आषाढातला एक रविवार होता. वारं सुटलं होतं, डिश हलली होती आणि गावभर टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. पोरं अंगणात येऊन ओरडत होती, एक-दोन बाप्येही आले होते. दादा वर गेला. स्लॅबला कठडा अजून बांधला नव्हता. मी नेहमीच्या जागी, मधल्या खोलीच्या दारात, एक डोळा टीव्हीवर ठेवून उभी होते. हे माझं काम. त्यानं वरून विचारायचं, मी खालून सांगायचं.

‘आलं का?’

‘न्हाय. आजून थोडं.’

‘आता?’

‘आलतं, गेलं. आजून थोडं.’

‘कुणीकडं?’

‘तिकडंच. आजून थोडं.’

आणि चित्र आलं. पाण्यानं धुतल्यासारखं स्वच्छ. मी ओरडले, ‘आलं, दादा, आलं.’ वरून उत्तर आलं नाही. घरामागं भट्टीच्या सरपणावर काहीतरी पडल्याचा आवाज झाला, आणि मग उलथन्याचा आवाज थांबला.

सोलापूरच्या दवाखान्यात तो दीड महिना होता. आई त्याच्याजवळ राहिली. मी घरी भाकऱ्या थापायची आणि तात्या दर दोन दिवसांनी डबा घेऊन जायचे. ते आले की मी तोंडाकडं बघायची, ते हात धुवायचे आणि कढईकडं जायचे. एकदाच म्हणाले, ‘कमरंखाली काय कळत न्हाय म्हन्तो.’ श्रावण सरता सरता दादाला जीपमधून घरी आणलं. मधल्या खोलीत टीव्हीसमोर बाज टाकली. लघवीसाठी नळी होती, बाजेला पिशवी अडकवलेली असायची. ती आई बघायची, आई नसली तर मी. पहिल्यांदा मला लाज वाटली, त्याला माझ्याहून जास्त. त्यानं भिंतीकडं तोंड केलं ते कितीतरी दिवस तसंच ठेवलं. ताट ढकलून द्यायचा. भेटायला आलेल्या माणसाशी बोलायचा नाही. एकदा आईनं लिंबू ओवाळून टाकलं तर तिला इतकं लागेल असं बोलला की ती दिवसभर परड्यात जाऊन बसली.

आता मी पन्नाशीला आले आहे. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं गेली. असा पेशंट घरी निघाला की मी नातेवाइकांना समोर बसवते आणि घड्याळ दाखवून सांगते, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री गजर लावून उठायचं, पाठ कोरडी ठेवायची, आणि त्यांच्याकडून तेच परत म्हणवून घेते. आम्हालाही तेव्हा कुणीतरी सांगितलं असेल. आईच्या ध्यानात राहिलं नसेल, किंवा पोराला हलवलं की दुखेल असं तिला वाटलं असेल. आम्ही त्याला निवांत पडू दिलं. माया म्हणून पडू दिलं.

दादा पडल्यापासून गावातले कनेक्शन दुसऱ्या एका माणसानं घेतले, वायरी त्याच्या डिशला जोडल्या. आमची डिश फक्त आमच्यापुरती राहिली. तात्या ती उपटून टाकायला निघाले होते. दादा बाजेवरून म्हणाला, ‘राहू द्या.’ तात्या थबकले. मग त्यांनी शिडी उचलली, गोठ्यात नेऊन आडवी बांधली आणि सांगितलं, ‘वर कुणी बी चढायचं न्हाय.’ त्यामुळं डिश त्या दिवशी ज्या तोंडानं थांबली होती त्याच तोंडानं राहिली. वाऱ्यानं पुन्हा थोडी हलली असेल, कारण बाकी सगळीकडं मुंग्या यायच्या आणि खेळाचा एकच चॅनल स्वच्छ दिसायचा. तो दिवसभर चालू असायचा. दादा भिंतीकडं तोंड करून पडायचा आणि त्याच्या पाठीमागं कुणी टेनिस खेळायचं, कुणी मोटारी पळवायचं.

त्या चॅनलवर ऑस्ट्रेलियातला एक फुटबॉल लागायचा. आपल्याकडचा फुटबॉल मी शाळेत पाहिला होता, हा काही तसा नव्हता. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. बिनबाह्यांचे बनियन घातलेली दांडगी माणसं चेंडू हातात घेऊन पळायची, लाथेनं उंच उडवायची आणि एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकून हवेत झेलायची. दोन्ही टोकांना चार-चार खांब, जाळी नाही. खांबांपाशी पांढरा कोट आणि टोपी घातलेला एक माणूस उभा असायचा. चेंडू खांबांतून गेला की तो दोन्ही हातांची बोटं पुढं करायचा आणि पांढरी निशाणं फडकवायचा. आई एकदा दाराशी थांबून बघत राहिली आणि म्हणाली, ‘ह्यो डागदर हितं काय करायलाय?’ भिंतीकडून दादाचा आवाज आला, ‘कुठला डागदर?’ आणि त्यानं मान वळवली. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा टीव्हीकडं वळला होता.

मी तेव्हा बारावीला होते, इंग्रजी यथातथाच. पण दादानं मला कामाला लावलं. ‘काय म्हणाला ते सांग.’ बोलणारे इतक्या घाईनं बोलायचे की मला दहातला एक शब्द कळायचा. आम्ही आकडे बघून नियम लावले. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, बाहेरच्या बुटक्या खांबातून गेला तर एक. त्या एका गुणाला ते ‘बिहाइंड’ म्हणायचे. मी डिक्शनरी काढली, तिथं ‘मागे’ असं लिहिलं होतं. कोण कुणाच्या मागं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण दादाला ती गोष्ट फार आवडली. ‘बग की मंगल, नेम चुकला तरी एक देतेत. आपल्याकडं चुकलं तर शिव्या देतेत.’ मग हळूहळू संघ ओळखू यायला लागले. एका संघाच्या बनियनवर निळे-पांढरे आडवे पट्टे होते, आमच्या शाळेतल्या सतरंजीसारखे. दादानं त्यांना सतरंजीवाले नाव ठेवलं आणि ते आपले म्हणून टाकले. का, ते विचारलं तर म्हणाला, ‘कुणीतरी आपलं पाहिजे ना.’

भादव्यात त्यांच्या शेवटच्या फेरीचे सामने सुरू झाले. चार आठवडे, दर आठवड्याला काही संघ गळणार आणि चौथ्या शनिवारी दोघांत शेवटचा सामना होणार, एवढं मी टीव्हीवरच्या तक्त्यावरून लावून दाखवलं. पहिला सामना महालक्ष्म्यांच्या तयारीत आला. घरात पुरण शिजत होतं, आंबिलीचा वास सुटला होता, दारापासून देव्हाऱ्यापर्यंत मी पावलं काढत होते आणि मधेमधे पिठाच्या हातानंच खोलीत जाऊन उभी राहत होते. सतरंजीवाले शेवटच्या मिनिटाला एका गुणानं मागं होते. इतक्यात त्यांच्या एकानं चेंडू झेलला आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला. मला वाटलं, संपलं. पण त्या खेळात भोंग्याआधी झेललेला चेंडू भोंग्यानंतरही मारू देतात. तो माणूस एकटा उभा राहिला, बाकी सगळं मैदान त्याच्याकडं बघत होतं. चार पावलं पळाला आणि मारला. पांढऱ्या कोटवाल्यानं दोन बोटं पुढं केली.

दादा ओरडला. शब्द असा काही नव्हता, नुसता आवाज. आई चुलीवरून पुरणाचा हात तसाच घेऊन धावत आली, मागून तात्यांचं उलथनं थांबलं. आईनं बघितलं तर तो हसत होता. तिनं त्याच हातानं तोंड पुसलं आणि सगळं तोंड पुरणानं माखलं, तेव्हा तो आणखी हसला. तात्या मागच्या दारात येऊन उभे राहिले होते. थोडा वेळ बघून ते परत गेले. त्या दिवशीची घाण बुडाला लागली, आणि कधी नव्हे ते तात्या त्याबद्दल कुणाला काही बोलले नाहीत.

दुसऱ्या शनिवारी सतरंजीवाले सहज जिंकले. तोपर्यंत ही बातमी गल्लीत गेली होती. शेजारचे नाना आणि दोघं-तिघं जण येऊन सतरंजीवर बसले, खालीही सतरंजी आणि टीव्हीतही सतरंजी. दादा त्यांना नियम समजावून सांगत होता, हात उंच करून खांब दाखवत होता. तात्या आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. चौकटीला खांदा टेकून, टीव्हीकडं अर्धी पाठ करून उभे राहिले आणि दादाकडं बघत राहिले. दादा पडल्यापासून दोघांत बोलणं असं नव्हतंच. जेवला का, व्हय. गोळी घेतली का, व्हय. तात्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. मला माझंच पुरत होतं.

त्याच आठवड्यात आईला त्याच्या पाठीखाली, माकडहाडावर, जखम दिसली. आधी रुपयाएवढी काळी होती, मग उघडली. गावातले डॉक्टर येऊन पट्टी करायचे आणि जाताना तात्यांना अंगणात नेऊन हळू बोलायचे. दुपारनंतर ताप चढायला लागला. खोलीत एक वास राहायला लागला, तो जावा म्हणून आई सकाळ-संध्याकाळ ऊद जाळायची. दादाला स्वतःला वास येत होता. नाना बसायला आले की तो मला म्हणायचा, ‘खिडकी उघड, नानांना गरम होतंय.’

तिसरा शनिवार. पितृपंधरवडा लागला होता, घरात गोडधोड नव्हतं. त्या दिवशी दादाला सकाळपासूनच ताप होता, म्हणून आईनं कुणाला आत येऊ दिलं नाही. आम्ही दोघंच होतो. शेवटी दोन्ही संघांचे गुण सारखे झाले, आणि भोंगा वाजायच्या जरासं आधी सतरंजीवाल्यांच्या एका दांडग्यानं अगदी खांबांसमोर चेंडू झेलला. पुन्हा तेच, भोंगा झाल्यावर मारायचं. ह्या वेळी दादा ओरडला नाही. ‘ग्येले बग फायनलला,’ एवढंच म्हणाला आणि डोळे मिटले. मी त्याच्या कपाळावरची पट्टी भिजवून ठेवली. आई मागं तात्यांना सरपण द्यायला गेली होती. कितीतरी दिवस बोलायचं राहिलेलं मी तेव्हा बोलले.

‘दादा, त्या दिवशी मी आजून थोडं, आजून थोडं म्हणत व्हते. चित्र आलतं मधी एकदा. चांगलं आलतं. तरी मी म्हणले आजून थोडं.’

त्यानं डोळे उघडले नाहीत. मला वाटलं, झोपला.

‘म्या तुझं ऐकून न्हाय सरकलो,’ तो म्हणाला. ‘चपलीचा अंगठा तुटला व्हता. पाय अडकला.’

‘खरं?’

‘आय सकाळीच म्हणली व्हती, शिवून घे. पुन्यांदा म्हणली व्हती.’ मग त्यानं डोळे उघडले. ‘हे आयला सांगू नको. तिला वाटंल, तिनं बसूनच शिवून घ्यायला लावायला पाहिजे व्हतं.’

मी आईला सांगितलं नाही. पुढं ती पंचवीस वर्षं जगली, तरी नाही. त्याच्या चपला त्या गडबडीत कुठं गेल्या कुणाला ठाऊक नाही, मी गोठ्यात, सरपणात शोधून पाहिल्या. त्यामुळं अंगठा खरंच तुटला होता की माझ्यासाठी त्यानं तिथल्या तिथं तोडला, हे मला आजही सांगता येत नाही. दवाखान्यात कुणी पोर आपल्यामुळं घडलं म्हणून रडायला लागलं की मी जवळ बसते. दादासारखं बोलणं मला जमलेलं नाही.

शेवटच्या सामन्याची भीती वेगळीच होती. त्या आठवड्यापासून लाईट सकाळी नऊ-दहाला जायची ती दुपारी यायची, आणि सामना दहाला होता. शुक्रवारी दादा तापातही तेच बोलत होता. मी वायरमनकडं जाते म्हणाले तर आई म्हणाली, ‘पोरीच्या जातीनं कुठं जाती?’ तात्या भाकरी खात होते. पुढचं मला वायरमन महादेवअण्णांनीच पुष्कळ दिवसांनी सांगितलं. संध्याकाळी तात्या त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले, बराच वेळ उभेच राहिले. अण्णांनी ‘बसा’ म्हटलं तरी बसले नाहीत. शेवटी म्हणाले, ‘उद्या दहा ते एक तेवढी लाईट राहिली पाहिजे. पोराला खेळ बघायचाय.’ अण्णा म्हणाले, ‘तात्या, ते माझ्या हातात न्हाय, वरनं बंद करतेत.’ तात्या म्हणाले, ‘तुमच्या हातात जेवढं हाय तेवढं करा.’ आणि त्यांनी हात जोडले. अण्णा मला म्हणाले, ‘तुज्या बापाला म्या देवळात बी हात जोडताना बघितलं नव्हतं.’

शनिवारी सकाळी दूध घालायला माणसं आली तेव्हा तात्यांनी त्यांना खालच्या आळीतल्या भट्टीकडं पाठवलं. कढई पालथी घातली. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते मधल्या खोलीत आले, उंबरा ओलांडून आले, आणि बाजेच्या पायथ्याशी बसले. जागा नव्हती म्हणून त्यांनी दादाचे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. पायांना काही कळत नव्हतं. दादाला ते नुसतं दिसत होतं. तो तात्यांच्या हातांकडं बघत राहिला, त्या भाजलेल्या, डाग पडलेल्या बोटांकडं, आणि इकडं सामना सुरू झालेला त्याला कळलाच नाही. मीच म्हणाले, ‘दादा, लागलं.’

लाईट गेली नाही. पण सतरंजीवाले पहिल्यापासूनच मागं पडले. समोरचे पिवळ्या-निळ्या कपड्यांतले, देशाच्या दुसऱ्या टोकाकडून आलेले, शिस्तीनं खेळत होते आणि आपल्यांच्या हातून चेंडू निसटत होता. अर्ध्या वेळेपर्यंत दादा म्हणत होता, ‘येतेत, वर येतेत.’ चार भागांतल्या तिसऱ्या भागानंतर तो ते म्हणेनासा झाला. अंतर चाळीसचं साठ झालं, साठचं सत्तर झालं. सामना बघायला येऊन बसलेले नाना उठले, ‘औषध मारायचंय’ म्हणून निघून गेले. मग त्यांच्यासंगं आलेले बाकीचेही गेले. आई दारातून म्हणाली, ‘बंद करू का? पड जरा.’

‘न्हाय,’ दादा म्हणाला.

तात्यांनी पडद्याकडं बोट केलं. ‘आता हे जिंकत न्हाईत ना?’

‘न्हाय.’

‘मग पळायलेत कशाला?’

‘भोंगा होईस्तोवर पळावं लागतं, तात्या. नियमच हाय तसा.’

‘आन् तो भाईरचा खांब कशाचा?’

दादानं सांगितलं. तात्यांनी दुसरं विचारलं, मग तिसरं. चेंडू हातानं फेकला तर का चालत नाही, मुठीनंच का मारायचा, पांढऱ्या कोटवाल्याला कोण विचारतं, एवढ्या मोठ्या मैदानाला पाणी कुठून देतात. दादा सांगत होता. दम लागत होता, मधे थांबायचा, तात्या थांबायचे. शेवटचा सगळा भाग ते दोघं बोलत होते आणि पडद्यावर सतरंजीवाले हरत होते. माझ्या आठवणीत त्या दोघांचं एवढं लांब बोलणं दुसरं नाही. भोंगा वाजला तेव्हा ऐंशी गुणांचं अंतर होतं. हरलेली माणसं गवतावर बसली होती, एक जण बनियन डोळ्यांवर ओढून आडवा पडला होता. दादा म्हणाला, ‘ते बसलेत बगा, तात्या.’ तात्या म्हणाले, ‘दमलेत. बसू दे की.’

तात्यांनी पाय हळूच बाजेवर ठेवले, ते उशीवर नीट आहेत का बघितलं आणि चादर ओढली.

मंगळवारी ताप उतरेना. बुधवारी सकाळी, घटस्थापनेच्या दिवशी, जीप आणली. आईनं घटासाठी काढलेली परडी आणि माती तशीच कोपऱ्यात राहिली. बार्शीच्या रस्त्याला पोरं तुळजापुराहून ज्योत घेऊन आपापल्या गावाकडं पळत निघाली होती. उघडी, घामाघूम, पायांत काही नाही. एका पुलाजवळ त्यांच्यासाठी जीप थांबवावी लागली. दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यानं बाहेर बघितलं, ती पोरं बाजूनं जाईपर्यंत बघत होता. शुक्रवारी दुपारी सोलापूरच्या दवाखान्यात तो गेला. जंतू रक्तात पसरून सेप्टिसीमिया झाला होता, असं सांगितलं. आता मी तो शब्द रोज वापरते. तात्या त्या वेळी दवाखान्याच्या नळावर त्याचं पांघरूण धूत होते. मी जाऊन सांगितलं. त्यांनी पांघरूण पिळलं, झटकलं, कठड्यावर वाळत घातलं, आणि मग तिथंच खाली बसले.

त्यानंतर आमच्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. ठरवून नाही, पण नाही घेतलं. आई ‘त्याचं पांघरूण’, ‘त्याची टपरी’ असं म्हणायची. टीव्हीवर टॉवेल टाकला होता, त्यावर धूळ बसली. बाज गोठ्यात गेली. भट्टी पुन्हा सुरू झाली आणि सकाळपासून दुपारपर्यंत तो खरवडण्याचा आवाज पुन्हा घरात राहायला लागला. मी बारावी झाले, नर्सिंगचा फॉर्म भरला. तात्यांनी कुठं सही करायची एवढंच विचारलं.

मग पुढच्या भादव्याच्या शेवटाला, एका शनिवारी, मी जायची तयारी करत होते. पत्र्याच्या ट्रंकेत कपडे भरत होते. साडेनऊला मागचा आवाज थांबला. आई सवयीनं उठली, पण तात्याच आत आले. हात धुतलेले होते. मागं बघितलं तर भट्टीतली लाकडं बाहेर ओढलेली, धूर होत होता, आणि अर्धं आटलेलं दूध कढईत तसंच. तात्यांनी टीव्हीवरचा टॉवेल काढला, घडी केली, खांद्यावर टाकला.

‘ती माणसं यंदा खेळत्यात का?’ त्यांनी मला विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. मी बटण दाबलं. बराच वेळ मुंग्या आल्या आणि मग मैदान दिसलं, लंबगोल, हिरवं. सतरंजीवाले ह्या वर्षीही शेवटच्या सामन्यात होते. तात्या खाली जमिनीवर बसले, जिथं बाज असायची तिथं. आई त्यांच्या मागं उभी राहिली. पदराला हात पुसत होती, हात केव्हाच कोरडे झाले होते.

‘सहा मधल्या खांबाचे,’ तात्या तिला सांगायला लागले. ‘भाईरच्यातनं गेला तर येक. चुकला तरी येक देतेत.’

‘आपला कंचा?’ आईनं विचारलं.

‘ते निळ्या-पांढऱ्या पट्ट्याचं,’ तात्या म्हणाले. खांद्यावरचा टॉवेल मांडीवर घेतला. ‘आपल्या बाळूचं.’

आई चुलीकडं गेली. त्या दिवशीही ते हरत होते, पहिल्यापासून. तात्या उठले नाहीत. मागं दूध नासलं असणार, कुणी बघायला गेलं नाही. थोड्या वेळानं आई भाकरीचा हात घेऊन दारात आली.

‘बाळूचं किती झालं?’

तात्यांनी आकडा सांगितला. ती गेली, भाकरी उलटली आणि परत आली.

‘आता किती झालं बाळूचं?’

सामना संपेपर्यंत ती दहा वेळा तरी आली असेल. दर वेळी तेच विचारायची, तसंच, त्याचं नाव घेऊन.